मथुराचे राखणदार

क्रुसाची आण मोडायला फ्रान्सिस्का रोझारियोला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत आपण चार किलो वाळलो असं ती अजून सांगते, पण उपकेंद्रातल्या वजनकाट्याला ते मान्य नाही. बाराव्या दिवशी, एप्रिलातल्या एका बुधवारी, लसीकरणाच्या ऐन गर्दीत ती पाणवेलवाडीच्या उपकेंद्रात शिरली. रांगेतल्या सहा बायका आणि त्यांची सहा रडणारी पोरं ओलांडून ती थेट टेबलापाशी गेली.

"तेजू, सुई खाली ठेव."

टेबलामागे तेजस्वी होती. वय चौतीस, दिलेली कुडाळात, पण सरकारने नेमणूक दिली ती माहेरच्याच गावी. वाडी तिला डॉक्टरीण म्हणते. 'मी डॉक्टर नाही, आरोग्य अधिकारी' असं सांगून सांगून तिचा घसा बसला, मग तिने नाद सोडला. फ्रान्सिस्काने तिला शाळेत चार वर्षं शिकवलेलं, त्यामुळे हातातली सुई आपोआप खाली गेली.

"टीचर, वायच बसा. हेंका संपवतंय आणि..."

"मी बसूक येवक नाय. तुझ्या आवशीच्या छातीत गाठ आसा."

सहाच्या सहा पोरं त्या क्षणी रडायची थांबली, असं त्या दिवशी तिथे नसलेली माणसंसुद्धा छातीठोक सांगतात.

"कोणी सांगला?"

"तिनाच. माझ्या गळ्यातल्या क्रुसार माझोच हात दाबून धरल्यान आणि आण घातल्यान, तेजूक सांगूचा नाय म्हणान. आता शनिवारी फादराकडे जावन पाप कबूल करूचा लागतला. करतलंय. सासष्ट वर्षांत एक तरी पाप सांगण्यासारख्या नको?"

"कधीपासून आसा?"

"जानेवारीत हाताक लागली. तेवा म्हणा तुरीच्या दाण्याएवढी होती. आता ओल्या काजूबीएवढी, असा ती म्हणता." फ्रान्सिस्काने मूठ वळली आणि जरा सैल सोडली. "तिचा म्हणना नेहमी वायच कमीच आसता."

"मगे माझ्याकडे कित्याक येवक नाय? मी तिचा चेडू, मी हय बसलंय, रोज दहा बायकांका..."

"तुझ्यामुळाच येवक नाय," फ्रान्सिस्का म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला. "तुझ्या त्या भाषणामुळा."

ते भाषण डिसेंबरातलं. ते समजायला आधी बाबलीच्या बागेच्या बांधावरचा काळा दगड समजायला हवा.

बाबली म्हणजे तेजस्वीचा बाप. दोन एकर काजू, अकरा आंबे, आणि बांधावरच्या त्या काळ्या दगडात राहणारा देव, राखणदार. राखणदाराला वर्षातून एकदा राखण द्यायची: कोंबडा, नारळ, विडीचं बंडल आणि पहिल्या धारेची काजूची अर्धी बाटली. एकदा राखण दिली की बाग त्याची. मालकाने पहाऱ्यासाठी तिकडे वाकूनसुद्धा बघायचं नाही. चौकीदार नेमून त्याच्यामागे दुसरा चौकीदार लावला तर पहिला काठी टाकून निघून जाणारच. माणूस जाईल, तर देव का थांबेल? म्हणून राखण दिल्यावर पहारा करायचा नाही, हा नियम. वाडीत कुणी मोडलेला ऐकिवात नाही.

आणि बाबलीचा राखणदार तर तालुक्यात गाजलेला. वीसेक वर्षांपूर्वी कुडाळकडचा एक चोर भर दुपारी, सगळा गाव जेवून लवंडलेला असताना, बाबलीच्या मोठ्या हापूसवर चढला. चढला तो चढला, उतरता येईना. चार तास वर. आधी शिव्या दिल्या, मग नवस बोलला, मग रडला, शेवटी आपण आजवर कुठे कुठे काय चोरलं त्याची यादी फांदीवरून मोठ्याने वाचायला लागला. पाच वाजता बाबली चहा पिऊन बागेत गेला तेव्हा त्याची सुटका झाली. तोवर त्याला वर दाढी फुटली होती, असं मथुरा सांगते. मथुरा म्हणजे बाबलीची बायको, तेजस्वीची आई, वय एकसष्ट. ही गोष्ट तिने इतक्यांदा आणि इतक्या घरांत सांगितली की तो चोर स्वतः एकदा कुडाळच्या बाजारात ती ऐकून गेला आणि म्हणाला, दाढी नव्हती हो.

तर डिसेंबरात तेजस्वीने बायकांना समाजमंदिरात जमवलं. तिने नुकतंच एक नवं संशोधन वाचलं होतं आणि ते वाचून तिला आनंद झाला होता. तिने नीट सांगितलं: बाईला दिवस राहतात, बाळ अंगावर पितं, त्या काळात शरीर छातीत काही खास पेशी आणून ठेवतं. रोगाशी लढणाऱ्या पेशी. बाळ मोठं होतं, दूध आटतं, तरी त्यातल्या काही तिथेच मुक्काम करतात, वीस-वीस तीस-तीस वर्षंसुद्धा. कॅन्सरची पेशी उठली तर तिच्यावर तुटून पडतात. म्हणून मुलं झालेल्या आणि त्यांना पाजलेल्या बायकांना हा रोग, त्यातही त्याची एक फार दांडगी जात, थोडी कमी होत असावी, असं शास्त्रज्ञांना वाटतं.

समोर चाळीस बायका. कुणी जांभई देत होती, कुणी शेजारणीच्या साडीचा काठ तपासत होती. तेजस्वीने हातातला कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "राखणदार गो, राखणदार! छातीतले राखणदार!"

समाजमंदिर जागं झालं. चाळीस जणींनी चाळीस पदर सारखे केले. असं यश तेजस्वीला कधी मिळालं नव्हतं. त्यानंतर तिने आणखी एक वाक्य सांगितलं, की धोका कमी होतो, जात नाही, म्हणून गाठ हाताला लागली तर त्याच दिवशी माझ्याकडे या. पण तोवर चहा आणि कांदाभजी आली होती.

मथुरा पहिल्या रांगेत होती. तिने चार पोरं काढली, आणि फ्रान्सिस्काच्या भावाची बायको विषमज्वराने तीन महिने पडली तेव्हा तिचा नेव्हिलही पाजला. म्हणजे पाच पोरांचे राखणदार. भजी खाता खाता तिने बिनमुलाच्या फ्रान्सिस्काला टोमणा मारला होता, "टीचर, तुका तपासूक जावक व्हया. माझ्याकडे पलटण आसा."

फ्रान्सिस्का दर दोन वर्षांनी तपासून घेते. तिचं सगळं नीट होतं.

*

तेजस्वी बागेत पोचली तेव्हा मथुरा काजूखाली बसून बोंडूपासून बी पिळून काढत होती. डाव्या हाताने. एकसष्ट वर्षांत मथुराने डाव्या हाताने घोट पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. उजवा हात मांडीवर असा ठेवला होता, जणू तो पाहुण्यांचा आहे.

"टीचरीन सांगल्यान," मथुरा वर न बघता म्हणाली.

"होय."

"क्रुसाक पण भियाक नाय ती. बघ म्हणजे."

"आये, खोपीत चल. माका बघूचा आसा."

"बघण्यासारख्या काय नाय."

"आये!"

तो आवाज ऐकून वरचा कावळा उडाला. मथुरा उठली. खोपीत तिने हुक काढले आणि देवळातल्या मूर्तीसारखी छताकडे बघत उभी राहिली. तेजस्वीने शिबिरांत शेकडो बायका तपासल्या होत्या. तिच्या बोटांना डोळे आहेत असं वाडी म्हणायची. त्या दिवशी तिला वाटलं, नसते तर बरं. गाठ टणक होती, कडा वेड्यावाकड्या, सरकवली तर सरकत नव्हती. वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी ओढलेली. काखेत आणखी एक, सुपारीएवढी.

"दुखता?"

"नाय. म्हणान तर. वायट आसता तर दुखला नसता?"

"नाय गो, आये. वायट आसता तीच दुखणा नाय." तेजस्वीने हुक लावायला घेतले आणि तिला ते लागेनात. "सोमवारी गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात जावया. सुई घालून एक बारीक तुकडो काढतत, तपासतत. तेवढाच."

"मी जावचंय नाय."

"कित्याक?"

मथुरा खोपीच्या दारात बसली. पोरीला अक्षर शिकवावं तशी तिने सावकाश समजूत घालायला घेतली. "तुया सांगितलंस ता. छातीत राखणदार आसत. माझे तर पाच पोरांचे. आता बघ, ही गाठ म्हणजे काय? त्येंनी धरलेलो चोर. एका जाग्यार दाबून ठेवलेलो आसा, त्या हापूसवरच्या चोरासारखो. आणि तू म्हणतंस, थंय सुई घाल. सुई घातलंस काय तो सुटतलो आणि सगळ्या अंगभर धावतलो. शिवाय राखण दिलेल्या जाग्यार आपण पारो करूचो नाय. त्येंका काय वाटतला? एवढी वर्षां राखलंव, आणि ही बाय डॉक्टर घेवन आमची झडती घेता?"

तेजस्वीने तोंड उघडलं. तिच्याकडे याला उत्तर होतं, चौदा उत्तरं होती, सगळी बरोबर. पण त्यातलं प्रत्येक वाक्य तिच्याच 'राखणदार' शब्दावर आपटून परत येत होतं. तिने स्वतःच्या हाताने बांधलेलं कुंपण होतं ते, आणि आई आत होती.

*

सोमवार गेला. तेजस्वीने रजा टाकली, गाडी ठरवली, सकाळी सातला दारात आणली. मथुरा पाच वाजताच उठून वेंगुर्ल्याला मासे आणायला गेली होती. गुरुवार गेला. त्या दिवशी तेजस्वीने ओसरीवर उपास धरला, तू येत नाहीस तोवर पाणी पिणार नाही म्हणाली. मथुराने तिच्यासमोर बसून बांगड्याचं तिखलं भात खाल्लं, उरलेलं तिच्या वाट्याचंही खाल्लं, आणि म्हणाली, "उपास बरो. तुझा पोट सुटला होता."

मग तेजस्वी खोटं बोलली. जन्मात पहिल्यांदा कामाच्या बाबतीत. "आये, ता संशोधन खोटा ठरला. कालच इला. राखणदार-बिखणदार काय नाय."

मथुराने तिचे केस कानामागे सारले. "लहानपणी खोटा बोललंस काय तुझो डावो कान लाल होय. जा, आरशात बघ."

खरोखरच लाल होता. आणि खोटं बोलल्याचं वाईट वाटायच्या आधी तेजस्वीला दुसरंच वाईट वाटलं. खोटं ठरलं नव्हतंच ते. आईच्या छातीत ते सगळे बहुतेक असतीलही. या क्षणी लढत असतील. आणि आई त्यांच्या भरवशावर काजू पिळत होती.

ती दिवस मोजायला लागली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. रात्री झोप नाही. एका बाळाला लस देताना तिच्या डोळ्यांतून पाणी बर्फाच्या पेटीवर पडलं, आणि बाळाची आई म्हणाली, डॉक्टरणी, तुमका पण सुई टोचता काय गो? त्याच दुपारी ती बापाकडे गेली.

बाबली हा फार न बोलणारा माणूस. लग्नात अंतरपाट धरलेला असताना भटजींनी नाव विचारलं, तेव्हा शेजारच्याकडे बोट दाखवलं होतं, तो सांगेल म्हणून. तेजस्वीने त्याला सगळं सांगितलं: गाठ, काख, संत्र्याची साल, छातीतले राखणदार. त्याला काही ठाऊक नव्हतं. तो पेटवलेली विडी हातात धरून बसला आणि ती बोटापर्यंत जळत आली तरी धरून बसला.

"बाबा, माझा ती आयकणा नाय. तुमचा आयकाची नाय. राखणदाराचा आयकतली. रविवारी राखण आसा. गाऱ्हाण्यात तेवढा घाला. त्येच्याकडे परवानगी मागा, हिका बांबोळीक नेवक."

बाबलीने विडी टाकली. बोट तोंडात घातलं. "बघतंय," म्हणाला.

*

रविवारी सकाळी नऊला बांधावर सहा-सात माणसं जमली. दगडापुढे केळीच्या पानावर नारळ, विडीचं बंडल, अर्धी बाटली. कोंबडा पाय बांधून एका बाजूला, सगळं कळल्यासारखा गप्प. फ्रान्सिस्का दरवर्षीप्रमाणे आली होती. ती जरा लांब उभी राहते, आधी छातीवर क्रुसाची खूण करते आणि मग 'व्हय म्हाराजा' सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणते. मथुरा नवं लुगडं नेसून पुढे उभी होती, उजवा हात पदरात.

बाबलीने हात जोडले. रोज मुका असलेला हा माणूस देवापुढे गाऱ्हाणं घालायला उभा राहिला की त्याचा आवाज समुद्रापर्यंत जातो, आणि बोटवाले वल्हं थांबवतात, असं म्हणतात.

"बा देवा राखणदारा, बांदावरच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत. जी काय मीठभाकर आसा ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुका राखण दिल्यावर ह्या बागेत पारो करूचो नाय, असा वाडवडलांचा वचान आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबली थांबला.

"ता वचान ह्या बाबलीन मोडला रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे म्हणाले. मग एकेकाच्या ध्यानात आलं आणि माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"एकदा नाय, त्रेचाळीस वर्षां मोडला रे म्हाराजा! दुपारी जेवन झोपाक जातंय म्हणान सांगितलंय, आणि वरच्या खोपीत डोळे उघडे ठेवन बसलंय रे म्हाराजा!"

या वेळी 'व्हय म्हाराजा' फक्त फ्रान्सिस्का म्हणाली, आणि तीही निम्म्यात थांबली.

"तो हापूसवरचो चोर तू अडकवक नाय रे म्हाराजा. तेची शिडी मी काढलंय!"

कोंबड्यानेसुद्धा मान वळवली.

"तू रागावशीत म्हणान त्रेचाळीस वर्षां भियालंय," बाबलीचा आवाज आता फाटला होता. गाऱ्हाण्याचा सूर सुटला आणि नुसतं बोलणं उरलं. "पण तू रागावक नाय. कधीच नाय. तू पण हय होतंस, मी पण होतंय. बाग केवढी, आणि तू एकटो. एकट्यान किती बघूचा? माका वाटता, तुका बराच वाटला असात." तो दगडाकडून वळला. "मथुरे, तुझे पण एकटे आसत गो. चार म्हयने झाले. तेंका सोबत नाय."

मथुराचा चेहरा आधी पांढरा झाला, मग कुंकवाच्या रंगाकडे झुकला.

"शिडी?"

"होय."

"तुमी काढलास?"

"होय गो."

"ती गोष्ट मी माझ्या म्हायेराक सांगितलंय! तुमच्या भावाच्या सोयऱ्यांका सांगितलंय! कुडाळच्या बाजारात उभी ऱ्हवन सांगितलंय! आणि तुमी बाजूक उभे ऱ्हवन मान हलवी होतास!"

"तू दाढी घातलंस तेवा मी मान हलवक नाय," बाबली पुटपुटला.

मथुराने पदर कमरेला खोचला. उजवा हात वर घेताना तिच्या तोंडातून बारीकसा आवाज निघाला, पण रागाच्या भरात तो तिने गिळला. "टीचर, तुझी गाडी चालू होता?"

"होता तर. पण खंय जातंस?"

"खंय पण. बांबोळीक ने. खोटारड्याच्या घरात मी एक दिवस ऱ्हवचंय नाय."

*

फ्रान्सिस्काची गाडी ताशी तीसच्या वर जात नाही; बैलगाड्यांनी तिला मागे टाकल्याचं सांगतात. रविवारी तपासणी बंद, म्हणून सोमवारी पहाटे निघालेल्या त्या गाडीत मथुरा गोव्याच्या हद्दीजवळच्या इन्सुली नाक्यापर्यंत एकटीच बोलत होती. बाबली पुढे बसला होता, मान खाली घालून. तपासणी नाक्यावर पोलिसाने काच खाली करायला सांगितली आणि विचारलं, कुठे निघालात? मथुरा मागून म्हणाली, "घोवाक सोडून चाललंय." पोलिसाने पुढे बसलेल्या बाबलीकडे बघितलं आणि हात करून सोडून दिलं.

नाका ओलांडला आणि तिचा राग एकाएकी संपला. आत बसलेल्या सगळ्यांना ते कळलं. तिने तेजस्वीचा हात शोधून धरला आणि म्हणाली, "सुई मोठी आसता?"

"नाय गो."

"तुझो कान बघू."

कान लाल होता.

तुकडा काढला, स्कॅन केले, आणि नऊ दिवसांनी पुन्हा बोलावलं. डॉक्टर ग्लिनिस तेजस्वीपेक्षाही लहान होत्या. त्यांनी कागद पुढे घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "तिन्ही चाचण्या निगेटिव्ह आहेत."

बाबली उठून उभा राहिला. त्याने दोन्ही हात जोडले, आधी डॉक्टरांना, मग भिंतीला, मग पंख्याला. करोनाच्या वर्षात त्याने शिकलेलं एकच डॉक्टरी सूत्र होतं, की निगेटिव्ह आलं म्हणजे माणूस घरी. "निगेटिव्ह! मथुरे, आयकलंस? निगेटिव्ह!"

तेजस्वीने बापाची बाही ओढली. तिला त्या तीन निगेटिव्हांचा अर्थ ठाऊक होता. कॅन्सर होता, आणि ज्या तीन गोष्टींवर नेमकी औषधं चालतात त्यातली एकही या गाठीत नव्हती. तीच ती दांडगी जात, जी पोरं पाजलेल्या बायकांना कमी होते. कमी. चहा-भज्यांत बुडालेला तोच शब्द. "बाबा, बसा," ती म्हणाली. "ता बरा नाय. बसा."

बाबली बसला. जोडलेले हात त्याला सोडवता येईनात.

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. गाठ मोठी आहे, काखेत पोचली आहे, पुढे कुठे गेल्याचं अजून दिसत नाही. आधी सहा महिने सलाईनमधून औषधं, मग शस्त्रक्रिया. उपचार कडक आहेत. "जानेवारीत आला असतात तर..." त्या म्हणाल्या आणि समोरच्या चार चेहऱ्यांकडे बघून थांबल्या. मग कागदाचं दुसरं पान उलटलं. "एक गोष्ट आहे. गाठीत आणि तिच्या आजूबाजूला रोगाशी लढणाऱ्या पेशी भरपूर सापडल्या आहेत. पुष्कळदा अशा रुग्णांना औषध चांगलं लागू पडतं. खूण चांगली आहे. हमी नाही."

बाहेरच्या बाकावर चौघं बसली. फ्रान्सिस्का जपमाळ ओढत होती आणि मणी चुकत होती.

"ती शेवटी काय म्हणाली?" मथुराने विचारलं.

सरळ सांगायचं तर आईला समजणार नाही. समजेल असं सांगायचं तर त्याचं काय होतं ते तिने चार महिने बघितलं होतं. तेजस्वी एकेक शब्द पारखून बोलली. "तुझ्या आंगात त्या लढणाऱ्या पेशी आसत. गाठीच्या आत घुसल्या आसत. पण एकट्या त्येंका झेपणा नाय. औषधाची मदत लागतली. मदत मिळान सुद्धा झेपतला काय नाय, ता आज कोण सांगूक शकणा नाय."

"म्हणजे ते होते."

"होते. आसत."

"चोराक धरून बसलेले नाय?"

"नाय गो. धरूक मिळाक नाय. झगडतत."

"कधीपासून?"

खोटं बोलायला जागा होती. कान झाकायला पदरही होता. "जानेवारीपासून," तेजस्वी म्हणाली. "त्येच्या आधीपासून पण असतीत."

मथुराने मान हलवली. समोर एक बाई चाकाच्या खुर्चीतून गेली, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. मथुरा ती वळेपर्यंत तिच्याकडे बघत राहिली.

"ते हय मरत होते," ती म्हणाली, "आणि मी थंय बसान काजू पिळी होतंय. त्येंच्या जीवार."

फ्रान्सिस्काचे मणी थांबले. तेजस्वी आईच्या पायाशी फरशीवर बसली आणि तिच्या मांडीत डोकं घालून रडली, तशी ती चौथीत नापास झाली तेव्हासुद्धा रडली नव्हती. "माझा चुकला, आये. ता नाव मी दिलंय. माझा चुकला."

मथुराचा डावा हात तिच्या केसांवर आला. उजवा यायला निघाला आणि अर्ध्यावर थांबला.

"नाव बरा होता," ती म्हणाली. "गाऱ्हाणा घालूचा ऱ्हवला."

आतून नर्सने नाव पुकारलं. पहिल्या सलाईनच्या आधी रक्त घ्यायचं होतं. मथुरा उठली, लुगडं सारखं केलं. बाबली उठला, तेजस्वी उठली, फ्रान्सिस्काही उठली.

"सगळी कित्याक? बसा थंय," मथुरा म्हणाली आणि एकटीच दारापर्यंत गेली. दारात हात टेकून थांबली. आत खुर्च्यांची रांग होती, प्रत्येक खुर्चीत एक बाई, प्रत्येकीच्या डोक्यावर टांगलेली बाटली, आणि बाटल्यांतून थेंब पडत होते. मथुराने ती रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. तिची पाठ बाकावरून दिसत होती. ती पाठ एकदम लहान झाली.

मग ती वळली.

"नको," ती म्हणाली. "येवा. सगळीच येवा."

नर्स म्हणाली, एकाच नातेवाइकाला परवानगी आहे. बाबली तिला बाजूला करून आत गेला, मागोमाग दोघीही.